‘युज्वली’ कुठे वापरायचा आणि ‘ऑफन’ कुठे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘युज्वली’ आणि ‘ऑफन’ या दोन्ही शब्दांपुढे कोशात ‘बहुतेक वेळा, पुष्कळदा’ असंच काहीसं लिहिलेलं असतं, मग त्यांत फरक काय? आणि वाक्यात ते बसवायचे कुठे? सोबत तपासायला तीन वाक्यंही दिली आहेत. पहिलं, ‘आय ॲम युज्वली गोइंग टु द जिम इन द मॉर्निंग.’ दुसरं, ‘ही विल युज्वली कम टुमॉरो.’ तिसरं, ‘युज्वली यूज द स्टेअर्स.’ या तिसऱ्यातून म्हणायचं होतं, शक्यतो जिना वापरा.

तिन्ही वाक्यं चुकली आहेत, आणि तिन्हींची चूक निराळी आहे. बावीस वर्षं इंग्रजी शिकवताना आणि जवळपास तितकीच वर्षं भाषांतर करताना या तिन्ही चुका मी शेकडो वह्यांत पाहिल्या आहेत. त्या निष्काळजीपणातून होत नाहीत. मराठीत जे नीट चालतं ते जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की त्या होतात. म्हणून नियम पाठ करायला सांगण्याआधी अर्थाबद्दल बोलतो. अर्थ पक्का झाला की निम्मे नियम आपोआप सुचतात.

‘ऑफन’ हा शब्द मोजतो. एखादी गोष्ट किती वेळा घडली, एवढंच तो पाहतो, आणि ‘बऱ्याच वेळा घडली’ असं सांगतो. ‘युज्वली’ वाटणी सांगतो. जितक्या वेळा प्रसंग आला, त्यांतल्या बहुतेक वेळा काय झालं, हे तो सांगतो. शाळेतला अपूर्णांक आठवा. ‘ऑफन’चं लक्ष अंशाकडे असतं, तर ‘युज्वली’ला छेद लागतोच.

बुद्धिबळ खेळणारा एक माणूस घ्या. वर्षभरात तो चारच डाव खेळला आणि त्यांतले तीन जिंकला. त्याच्याबद्दल इंग्रजीत बिनधास्त म्हणता येतं, ‘ही डझन्ट प्ले ऑफन, बट ही युज्वली विन्स.’ खेळतो क्वचित, पण खेळला की सहसा हरत नाही. इथे ‘ही ऑफन विन्स’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, हा सारखा कुठे ना कुठे जिंकत असतो. तीन डाव म्हणजे काही ‘ऑफन’ नाही.

आता उलट बाजू पाहा. एका मार्गावर रोज शंभर गाड्या धावतात आणि त्यांतल्या वीस उशिरा येतात. ‘द ट्रेन्स आर ऑफन लेट’ हे खरं आहे, कारण रोज वीस गाड्या उशिरा येणं ही प्रवाशाच्या दृष्टीने पुष्कळ मोठी गोष्ट आहे. आणि ‘द ट्रेन्स आर युज्वली ऑन टाइम’ हेही खरं आहे, कारण ऐंशी वेळेवर येतात. दोन्ही वाक्यं एकाच गाड्यांबद्दल, एकाच दिवशी खरी. कोशातला ‘बहुतेक वेळा’ हा अर्थ दोन्हीकडे लावला तर ती एकमेकांच्या विरुद्ध वाटतील. ‘ऑफन’ला अर्ध्याच्या वर जावं लागत नाही, ‘युज्वली’ला जावंच लागतं.

हा फरक मी मनाने लावलेला नाही, भाषेतच त्याच्या खुणा आहेत. ‘हाउ ऑफन’ असा प्रश्न आहे, ‘हाउ युज्वली’ असा प्रश्न इंग्रजीत नाही. ‘व्हेरी ऑफन’, ‘टू ऑफन’, ‘सो ऑफन’ हे सगळं चालतं, ‘व्हेरी युज्वली’ कुणी म्हणत नाही. ज्याची मोजदाद होते त्यालाच ‘किती’, ‘फार’, ‘जास्त’ असे शब्द चिकटतात. आणि ‘मोअर ऑफन दॅन नॉट’ हा वाक्प्रचार तर फारच बोलका आहे. घडलेल्या वेळा न घडलेल्या वेळांपेक्षा जास्त, असा त्याचा शब्दशः अर्थ. म्हणजे मोजणाऱ्या ‘ऑफन’ला छेद जोडून दिला की अर्थ ‘युज्वली’च्या अगदी जवळ येतो.

इथेच त्या टक्केवारीच्या तक्त्याबद्दल बोललं पाहिजे. वर ‘ऑल्वेज’ 100, त्याखाली ‘युज्वली’ 80 किंवा 90, मग ‘ऑफन’ 70, ‘समटाइम्स’ 50, आणि तळाशी ‘नेव्हर’ 0. पुष्कळ पुस्तकांत आणि वर्गांच्या भिंतींवर हा तक्ता दिसतो. पहिल्या दिवशी मुलांना अंदाज यावा म्हणून तो ठीक आहे, पण मी तो आठवडाभरात उतरवतो. दोन टोकांचे आकडे बरोबर आहेत, मधले सगळे काल्पनिक. ‘ऑफन’ला ठरलेला टक्का असूच शकत नाही, कारण ‘पुष्कळ’ हे अपेक्षेवर ठरतं. वर्षात सहा वेळा आजारी पडणाऱ्याला आपण ‘ही इज ऑफन इल’ म्हणू. वर्षात सहा वेळा दात घासणाऱ्याला ‘ही ऑफन ब्रशेस हिज टीथ’ म्हणणार नाही. आकडा तोच, पण एकीकडे तो जास्त वाटतो आणि दुसरीकडे नगण्य. तक्त्यावरून शिकलेला विद्यार्थी वाक्य करताना मनात टक्के मोजत बसतो. त्याने विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे: मला किती वेळा ते सांगायचंय, की एरवी काय होतं ते?

जिथे खरोखर आकडा हवा असतो तिथे शब्दांचे अर्थ मुद्दाम ठरवून घ्यावे लागतात. युरोपात औषधांच्या माहितीपत्रकांत दुष्परिणामांसाठी तसं ठरवलेलं आहे. ‘व्हेरी कॉमन’ म्हणजे 10 जणांत 1 किंवा त्याहून जास्त, ‘कॉमन’ म्हणजे 100 जणांत 1 ते 10, ‘अनकॉमन’ म्हणजे 1,000 जणांत 1 ते 10, ‘रेअर’ म्हणजे 10,000 जणांत 1 ते 10, आणि त्याच्याही खाली ‘व्हेरी रेअर’. बोलण्यातला ‘कॉमन’ आणि हा ‘कॉमन’ यांत केवढं अंतर आहे पाहा. इथल्या ‘कॉमन’चं भाषांतर कुणी ‘सहसा होणारा त्रास’ असं केलं तर शंभरातल्या पाच जणांना होणारी मळमळ वाचणाऱ्याला आपल्याला होणारच असं वाटेल. अशा मजकुरात मी ‘100 पैकी 1 ते 10 जणांना’ असा आकडाच लिहितो.

आता मराठीकडे वळू, कारण चुकांचं मूळ तिथे आहे. ‘युज्वली’साठी आपल्याकडे एक शब्द नाही, सात-आठ आहेत: सहसा, बहुधा, बहुतेक, एरवी, साधारणपणे, शक्यतो, नेहमी. प्रत्येकाचा थोडा भाग ‘युज्वली’वर बसतो आणि थोडा बाहेर राहतो.

‘बहुधा’ सर्वांत फसवा. त्याचा जुना अर्थ ‘बहुतांशी, बहुत करून’ असा आहे आणि कोशांत तो अजून सापडतो. पण आज आपण बोलतो तेव्हा ‘बहुधा’ म्हणजे शक्यता. ‘तो बहुधा झोपला असेल.’ ‘बहुतेक’चंही तसंच. ‘बहुतेक लोक’ म्हणताना ते संख्या सांगतं आणि ‘बहुतेक येईल’ म्हणताना शक्यता. एकच शब्द दोन कामं करतो, आणि क्रियापदावरून आपल्याला ते बरोबर कळतं, म्हणून आपला कधी गोंधळ होत नाही. इंग्रजीने ही दोन कामं वेगळी ठेवली आहेत. शक्यता सांगायला ‘प्रॉबब्ली’, रीत सांगायला ‘युज्वली’.

भाषांतराच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः या खड्ड्यात पडलो. एका यंत्राची माहितीपुस्तिका मराठीत आणायची होती. मूळ वाक्य होतं, ‘द रेड लाइट युज्वली गोज आउट विदिन अ मिनिट.’ मी लिहिलं, ‘लाल दिवा बहुधा एका मिनिटात विझेल.’ तपासणाऱ्या अभियंत्याने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून शेजारी लिहिलं होतं: ‘बहुधा म्हणजे? यंत्र बनवणाऱ्यालाच खात्री नाही का?’ त्याचं बरोबर होतं. मूळ वाक्यात शंका कुठेच नव्हती. यंत्राची रीत सांगितली होती, आणि आडून एक सूचनाही होती की मिनिट उलटून गेलं आणि दिवा तसाच राहिला तर काहीतरी बिघडलंय. मी वाक्य बदललं: ‘एरवी लाल दिवा एका मिनिटात विझतो.’ दोनच शब्द बदलले, ‘बहुधा’चं ‘एरवी’ आणि ‘विझेल’चं ‘विझतो’. पण आता वाचणारा घड्याळाकडे पाहणार आणि मिनिट उलटलं की पुढचं पान उघडणार.

तेव्हापासून ‘एरवी’ हा शब्द मला फार जवळचा वाटतो. ‘युज्वली’मध्ये एक अपवाद दडलेला असतो, आणि ‘एरवी’ तो नेमका धरतो. लिफ्टपाशी उभा असलेला कुणी ‘आय युज्वली टेक द स्टेअर्स’ म्हणाला की पुढचं न बोलताच कळतं: आज काहीतरी वेगळं आहे, पाय दुखतोय किंवा हातात ओझं आहे. ‘एरवी मी जिन्यानेच जातो.’ बोलताना ‘युज्वली’वर जोर पडला की पुढे ‘बट’ येणार हे जवळपास ठरलेलं. म्हणून ‘वी युज्वली रिप्लाय विदिन टू डेज’ हे वचन नाही हेही लक्षात ठेवा. तिसऱ्या दिवशीही उत्तर आलं नाही तरी ते वाक्य खोटं ठरत नाही.

‘सहसा’ची गोष्ट वेगळी. संस्कृतात आणि हिंदीत ‘सहसा’ म्हणजे एकाएकी, अचानक. मराठीत तो शब्द ‘शक्यतो, सामान्यतः’ या अर्थाकडे सरकला, आणि त्याचा खरा संसार नकाराशी आहे. ‘तो सहसा चिडत नाही’ हे कानाला गोड लागतं. ‘तो सहसा चिडतो’ माझ्या कानाला अजून खटकतं, जरी भाषांतरित मजकुरात ते आता सर्रास दिसत असलं तरी. होकारी वाक्यात ‘युज्वली’ आला की मी ‘सहसा’ऐवजी ‘बहुतेक वेळा’, ‘साधारणपणे’ किंवा ‘एरवी’ पाहतो. नकारात मात्र ‘सहसा’ला तोड नाही.

आणि नकाराचं हे प्रकरण इंग्रजीतही तितकंच मजेदार आहे. ‘ही डझन्ट युज्वली कम’ आणि ‘ही युज्वली डझन्ट कम’ या दोन वाक्यांत नकाराची जागा वेगळी आहे, पण अर्थ व्यवहारात एकच: तो सहसा येत नाही. आता ‘युज्वली’च्या जागी ‘ऑफन’ ठेवा. ‘ही डझन्ट ऑफन कम’ म्हणजे तो फारसा येत नाही, क्वचित येतो. ‘ही ऑफन डझन्ट कम’ म्हणजे तो येणं चुकवतो, आणि असं पुष्कळदा होतं. दुसऱ्या वाक्यातला माणूस आठवड्यातून तीन वेळा येतही असेल, पण दोनदा दांडी मारतो. शिक्षकाने पालकांना पहिलं वाक्य लिहायचं आणि चुकून दुसरं लिहिलं, किंवा उलट केलं, तर मुलाबद्दल पालकांचं मत बदलेल. पुन्हा तेच सूत्र: ‘ऑफन’ मोजतो, म्हणून काय मोजायचं, येणं की न येणं, हे जागेवरून ठरतं. ‘ऑल्वेज’मध्ये तर हे आणखी कडक आहे. ‘ही डझन्ट ऑल्वेज कम’ म्हणजे कधी येतो, कधी नाही. ‘कधीच येत नाही’ म्हणायला ‘ही ऑल्वेज डझन्ट कम’ म्हणत नाहीत, तिथे ‘ही नेव्हर कम्स’ लागतं.

आता तुमचं दुसरं वाक्य, ‘ही विल युज्वली कम टुमॉरो.’ मनात ‘तो उद्या बहुधा येईल’ होतं, हे उघड आहे. उद्या एकदाच येतो. एका प्रसंगाची वाटणी होत नाही, म्हणून तिथे ‘युज्वली’ बसत नाही. ‘ही विल प्रॉबब्ली कम टुमॉरो’ हे बरोबर. यावरून ‘विल’ आणि ‘युज्वली’ कधीच शेजारी येत नाहीत असा नियम मात्र करू नका. ‘अ डॉग विल युज्वली बार्क ॲट अ स्ट्रेंजर’ हे उत्तम इंग्रजी आहे. तिथला ‘विल’ उद्याचा नाही, स्वभाव सांगणारा आहे: अनोळखी माणूस दिसला की कुत्रा भुंकणारच, असा.

एकदाच घडणाऱ्या गोष्टीला ‘युज्वली’ लागत नाही, तसाच न बदलणाऱ्या गोष्टीलाही लागत नाही. ‘शी इज युज्वली टॉल’ हे वाक्य चुकीचं का वाटतं? कारण ती कधी उंच, कधी बुटकी असं होत नाही. पण ‘बास्केटबॉल प्लेअर्स आर युज्वली टॉल’ म्हणा, काहीच खटकत नाही. इथेही एकेक खेळाडू आपली उंची बदलत नाही. मग काय बदललं? आपण वेळा मोजणं सोडून माणसं मोजायला लागलो. तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी 1975 साली नेमक्या याच गोष्टीवर एक निबंध लिहिला. ‘ऑल्वेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, सेल्डम, नेव्हर’ हे शब्द काळाबद्दल बोलतातच असं नाही, ते प्रकरणांबद्दल बोलतात, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांच्या उदाहरणांत वर्गसमीकरणं आहेत. वर्गसमीकरणाला ‘युज्वली’ दोन वेगवेगळी उत्तरं असतात. इथे काळाचा संबंधच नाही. एखादं समीकरण सकाळी दोन उत्तरं देतं आणि संध्याकाळी एक, असं होत नाही. समीकरणं पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना दोन उत्तरं असतात, एवढंच. मला हा निबंध उशिरा वाचायला मिळाला, आणि त्यानंतर मी वर्गात ‘वारंवारता दाखवणारी क्रियाविशेषणं’ हे नाव सांगताना नेहमी थांबून हे एक उदाहरण देतो. नाव अपुरं आहे हे विद्यार्थ्याला ठाऊक असलेलं बरं. भाषांतरातही याचा उपयोग होतो: ‘ट्विन्स ऑफन लुक अलाइक’ याचं ‘जुळी भावंडं वारंवार सारखी दिसतात’ असं भाषांतर हास्यास्पद होतं. ‘पुष्कळशी जुळी भावंडं सारखी दिसतात’ हे बरोबर. क्रियाविशेषणाचा अर्थ मराठीत विशेषण होऊन नामापाशी जाऊन बसतो.

जागेचा नियम लहान आहे, लगेच उरकतो. मुख्य क्रियापदाच्या आधी: ‘शी युज्वली वॉक्स.’ ‘इज, आर, वॉज’ एकटं असेल तर त्याच्या नंतर: ‘शी इज युज्वली लेट.’ सहायक क्रियापद असेल तर पहिल्या सहायकानंतर: ‘इट कॅन युज्वली बी रिपेअर्ड.’ ‘युज्वली’ वाक्याच्या सुरुवातीलाही छान बसतो, ‘युज्वली शी वॉक्स’, आणि बोलताना शेवटीही, मागाहून सुचल्यासारखा. ‘ऑल्वेज’ साध्या विधानात सुरुवातीला येत नाही, ‘नेव्हर’ आला तर त्यामागे सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. ‘ऑफन’ प्रश्नात आणि नकारात शेवटी आरामात बसतो, ‘डू यू कम हिअर ऑफन?’, पण होकारी विधानात शेवटी ठेवायचा तर सोबत ‘क्वाइट’ किंवा ‘व्हेरी’ दिलेला बरा. आणि क्रियापद व कर्म यांच्या मधे यांतला एकही शब्द घालू नका. ‘आय रीड युज्वली द न्यूजपेपर’ हे मराठी शब्दक्रमाच्या मोकळेपणातून आलेलं वाक्य आहे.

एक अपवाद पुस्तकांत क्वचित सांगतात. ‘इज ही लेट?’ या प्रश्नाला ‘हो, बहुतेक वेळा’ अशा अर्थाचं छोटं उत्तर द्यायचं असेल तर ‘ही युज्वली इज’ म्हणायचं, ‘ही इज युज्वली’ नाही. क्रियापद शेवटी एकटं उरलं आणि त्यावर जोर आला की क्रियाविशेषण पुढे सरकतं. ‘आय युज्वली डू’, ‘दे युज्वली हॅव’, सगळं याच चालीचं.

पहिलं वाक्य, ‘आय ॲम युज्वली गोइंग टु द जिम इन द मॉर्निंग.’ याचं मूळ आपल्या रीती वर्तमानकाळात आहे. ‘मी सकाळी जिमला जात असतो.’ या ‘जात’वरून ‘गोइंग’ आणि ‘असतो’वरून ‘ॲम’ असं मन आपोआप जोडतं. पण आपलं ‘जात असतो’ रीत सांगतं, इंग्रजीचं ‘ॲम गोइंग’ चालू असलेली क्रिया सांगतं. रीत सांगायला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘आय युज्वली गो टु द जिम इन द मॉर्निंग.’ चालू वर्तमानकाळाबरोबर ‘युज्वली’ येतो, पण तेव्हा घड्याळाचा एक क्षण समोर असावा लागतो. ‘ॲट सेव्हन आय ॲम युज्वली ड्रायव्हिंग’, सात वाजता मी बहुतेक वेळा गाडी चालवत असतो, फोन केला तर उचलता येणार नाही. इथे सातच्या आधीपासून चाललेली आणि सातनंतरही चालणारी क्रिया दाखवायची आहे, म्हणून ‘ड्रायव्हिंग’. तुमच्या वाक्यात असा क्षण नाही.

याच्या जवळचीच एक चूक: आजची सवय सांगायला ‘आय यूज टु गो’ लिहिणं. ‘यूस्ट टु’ फक्त सुटलेल्या सवयीसाठी आहे, आपल्या ‘जायचो’सारखा. त्याला वर्तमानकाळ नाही. वर्तमानकाळात ते काम ‘युज्वली’ आणि साधं क्रियापद मिळून करतात. गंमत अशी की दोन्हींचं मूळ एकच आहे, लॅटिनमधला ‘यूसुस’ हा शब्द, म्हणजे वापर. मराठीत सांगायचं तर वहिवाट. ‘युज्वल’ म्हणजे वहिवाटीचं. हा अर्थ मनात ठेवला तर ‘ॲज युज्वल’ लगेच उलगडतं: वहिवाटीप्रमाणे, नेहमीप्रमाणे. तिथे ‘ॲज युज्वली’ लिहू नका. ‘ॲज’ आणि ‘दॅन’ यांच्यामागे ‘युज्वल’च येतं: ‘लेटर दॅन युज्वल’, नेहमीपेक्षा उशिरा. आणि ‘अनयुज्वली’ हा ‘युज्वली’चा विरुद्धार्थी शब्द समजू नका. ‘अनयुज्वली क्वाएट’ म्हणजे क्वचित शांत नव्हे, तर नेहमीपेक्षा फारच शांत. ‘क्वचित’साठी ‘रेअरली’ आहे.

उच्चाराबद्दल विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण ‘युज्वली’ लिहिता येणारे पुष्कळ जण बोलताना तो टाळतात. मी देवनागरीत ‘ज’ लिहितोय ती तडजोड आहे. तो आवाज ‘जहाज’मधल्या ‘ज’चा नाही, ‘झाड’मधल्या ‘झ’चा नाही आणि ‘झेंडा’मधल्या ‘झ’चाही नाही. ‘श’ म्हणायला जीभ जिथे जाते तिथे न्या, ‘श्श्श’ असा लांब आवाज काढा, आणि जीभ न हलवता गळ्यातून गुंजन सोडा. गळ्यावर बोट ठेवलं तर थरथर जाणवेल. तोच आवाज ‘प्लेझर’, ‘मेझर’, ‘व्हिजन’ या शब्दांत आहे. ‘ऑफन’मधल्या ‘टी’बद्दल वाद घालू नका. ‘लिसन’ आणि ‘सॉफन’मधला ‘टी’ जसा बोलण्यात गळाला तसा इथलाही गळाला होता, पुढे स्पेलिंग पाहून पुष्कळ लोक तो पुन्हा म्हणू लागले. आज कोश ‘ऑफन’ आणि ‘ऑफ्टन’ दोन्ही नोंदवतात.

राहिलं तिसरं वाक्य, ‘युज्वली यूज द स्टेअर्स.’ ‘ऑल्वेज’ आणि ‘नेव्हर’ आज्ञेत येतात: ‘ऑल्वेज लॉक द डोअर’, ‘नेव्हर टच दिस वायर.’ ‘ऑफन’ही येतो: ‘वॉश युअर हँड्स ऑफन’, हात पुष्कळदा धुवा, कारण किती वेळा करायचं ते सांगता येतं. ‘युज्वली’ येत नाही, कारण तो काय होत आलंय त्याची वाटणी सांगतो, आणि जे अजून करायचंय त्याची वाटणी नसते. आपला ‘शक्यतो’ दोन्हीकडे चालतो. ‘मी शक्यतो जिना वापरतो’ यात सवय आहे, ‘शक्यतो जिना वापरा’ यात विनंती. सवयीला ‘युज्वली’ बऱ्यापैकी लागू पडतो, विनंतीला अजिबात नाही. तुम्हाला पाटीवर लिहायचं असेल तर ‘प्लीज यूज द स्टेअर्स इफ पॉसिबल’ लिहा. ओळखीच्या माणसाला सांगायचं असेल तर ‘ट्राय टु यूज द स्टेअर्स व्हेन यू कॅन.’ आणि या इमारतीत बहुतेक जण जिन्यानेच जातात असं म्हणायचं असेल, तर मात्र तुमचा शब्द योग्य जागी येतो: ‘पीपल हिअर युज्वली यूज द स्टेअर्स.’